ध्यान शिकायला गेलो नेसरीला, आणि शालनला बसवलं भाकरीला

शनिवार, ७ फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. नेसरीच्या बाहेर एका ध्यानकेंद्राच्या हॉलमध्ये माझ्या धाकट्या जावेला, शालनला, चोवीस माणसांसमोर सांगण्यात आलं, "काकू, तुमचं मन अजून ध्यानासाठी तयार नाहीये. तुम्ही दोन दिवस किचनमध्ये सेवा करा." वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात बघितली. डोळे मिटून बसायचं असताना मला घड्याळ दिसलं कसं, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पुढे देते.

केंद्राचं नाव इथे लिहीत नाही. ही पोस्ट त्यांनाही पाठवते आहे, आणि त्यांचं म्हणणं येण्याआधी नाव छापायचं नाही एवढा सभ्यपणा मला शाळेतल्या नन्सनी शिकवला. म्हणणं आलंच नाही तर काय करायचं, तेही त्यांनीच शिकवलं.

आता पहिल्यापासून सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणी अशा शिबिरांच्या जाहिराती मला पाठवून "जावं का हो?" विचारत असतात.

शालन मुरगूडला ब्लाऊज शिवते. पंचवीस वर्षं शिवते आहे, आणि तिच्या हातचा ब्लाऊज कधी उसवावा लागलेला मी पाहिलेला नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या दिराची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, बायपास झाली. तेव्हा ती मशीनवर बसायची, पण कान फोनकडे. त्याच दिवसांत तिने गावातल्या एका मास्तरीणबाईंच्या पैठणीच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. काठ बाह्यांवर यायचा असला की कापड दुमडून एकदम कापता येत नाही, एकेक बाही वेगळी कापावी लागते. दुसरीच्या वेळी साचा उलटा करायचा राहिला. पैठणीचा तुकडा, दुसरा कुठून आणणार. बाई काही बोलल्या नाहीत. त्याने शालन जास्तच खचली.

आता दीर ठणठणीत आहेत, रोज पान खाऊन बायकोची बोलणी खातात. शालनचं लक्ष मात्र अजून ठिकाणावर आलेलं नव्हतं. कात्री उचलली की हात थांबायचा. अस्तरं, फॉल, काजबटण एवढंच काम घ्यायची. आणि एप्रिलच्या शेवटी तिच्या प्राचीचं लग्न. डाळिंबी शालू घरात आलेला, त्यातच विणलेला ब्लाऊजचा तुकडा. प्राची म्हणाली, आई, शहरात राजारामपुरीतल्या बुटीकला टाकूया. शालनने मान डोलावली आणि मला रात्री फोन केला. "अक्का, पोरीचा ब्लाऊज दुसरीनं शिवायचा, मग मी एवढी वर्षं काय केलं हो?"

मी त्याच आठवड्यात जाहिरात पाहिली होती: 'नवशिक्यांसाठी ध्यान. मन शांत, लक्ष एकाग्र. निवासी, दोन दिवस.' दोघींचे मिळून पाच हजार. मी भरले. असा हा निर्णय.

शुक्रवारी दुपारी मी घरून, म्हणजे राजारामपुरीतून, रिक्षाने स्टँडवर, तिथून मुरगूडची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा उगाच गाडी करू नका. मात्र फेब्रुवारीत निघत असाल तर वेळ हाताशी ठेवा. उसाचा हंगाम. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर उसाचा डोंगर, आणि ट्रॅक्टरवर एवढ्या मोठ्याने गाणी की मागून हॉर्न दिलेला ड्रायव्हरला ऐकूच जात नाही. कागलपासून पुढे आम्ही अशा एका वरातीमागे पाऊण तास होतो. एसटीचा कंडक्टर खिडकीतून म्हणाला, "आता ह्योच आमचा टाइमटेबल."

मुरगूडला शालन पिशवी घेऊन उभीच होती. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि एका जुन्या ओढणीत गुंडाळलेली कात्री.

"ही कशाला?"

"असू दे की. सोबत हाय."

मी पिशवी हातात घेतली.

कापशीवरून गडहिंग्लज, आणि तिथून नेसरीला वडाप. बाहेरच्यांसाठी सांगते, वडाप म्हणजे माणशी भाडं घेऊन भरेल तेवढी माणसं भरणारी जीप. भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली हे फक्त ड्रायव्हर ठरवतो. माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. शालन समोरच्या म्हाताऱ्याशी बोलत होती. त्याने विचारलं, "पावणं, कुणाकडं निघालासा?"

"ध्यान शिकाय."

म्हाताऱ्याने आम्हा दोघींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "घरात कुणी बसू देत न्हाय व्हय?"

केंद्र छान आहे, खोटं कशाला बोलू. काजूच्या झाडांमधली कौलारू बैठी इमारत, स्वच्छ संडास, गरम पाणी. जेवण मात्र आजाऱ्याचं. प्रशिक्षकांचं नाव निनाद सर. तिशीतला मुलगा, पांढरा कुर्ता, आवाज इतका मऊ की प्रत्येक वाक्याला पुढे वाकावं लागे. रात्री नियम सांगितले. मोबाईल बंद. मौन. पहाटे साडेपाचला पहिली बैठक, चाळीस मिनिटं, डोळे मिटून, हलायचं नाही.

माझ्या मते इथेच पहिली चूक. ज्या माणसाने आयुष्यात पाच मिनिटं नुसतं बसून पाहिलेलं नाही, त्याला पहिल्याच दिवशी चाळीस मिनिटं. पोहायला शिकवताना आम्हाला तरी आधी पायऱ्यांवर उभं करायचे.

साडेपाचला बसलो. "विचार येतील. त्यांना ढगांसारखं जाऊ द्या," निनाद सर म्हणाले. फेब्रुवारीत नेसरीला ढग नसतात, हा माझा पहिला विचार. त्यानंतर गुडघा. मग पुन्हा गुडघा. मी एकूण चार वेळा डोळे उघडले, दोन वेळा घड्याळ पाहिलं, एकदा शालनच्या कानात "पाठ दुखत्येय का?" असंही विचारलं. माझ्या उजवीकडच्या गृहस्थांचा बंद असलेला मोबाईल दोनदा वाजला.

सहाच्या सुमाराला शेजारच्या गोठ्यात म्हैस ओरडायला लागली. थांबेना. शालनची चुळबुळ सुरू झाली. तिच्या माहेरी दोन म्हशी, सासरी एक. हे ओरडणं कशाचं ते तिला झोपेतही कळतं. सहा वाजून आठ मिनिटांनी ती उठली, खिडकीपाशी गेली आणि मुरगूडच्या बाजारात घालतात तशी हाक घातली. "अवं, कोण हाय का तिकडं? धार काढा की म्हशीची, किती वेळ वरडतीया. डेअरीची गाडी जाईल न्हायतर."

पलीकडून बाईचा आवाज आला, "आलो, आलो. डोळाच लागला हो."

हॉलमध्ये अर्धे लोक हसले. निनाद सरांनी डोळे उघडले, आणि मग वर लिहिलंय ते वाक्य.

खिडकीतून हाक मारणं चूक होतं. मान्य. पण मोबाईलवाले गृहस्थ हॉलमध्येच राहिले, आणि मी पण. मी उठून म्हटलं, "मी चार वेळा डोळे उघडले. मीही जाते." तर मला उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही बसा. तुमची एनर्जी छान आहे." शालन काकू, मी मॅडम. तिचं नऊवारी लुगडं, माझी कॉटनची स्टार्चवाली साडी. आदल्या रात्री फॉर्म भरताना मी त्यांच्याशी चार वाक्यं इंग्रजीत बोलले होते, त्या वाक्यांचा पगार मला मिळाला. मी चप्पल घातली आणि शालनच्या मागे गेले.

स्वयंपाकघर पारव्वाचं होतं. पारव्वा सीमेपलीकडच्या गावची, निम्मी मराठी निम्मी कानडी बोलते, आणि चोवीस माणसांचं एकटी रांधते. शालनला पाहून म्हणाली, "आलीस? बरं झालं. साठ भाकरी हायत." माझ्याकडे बघून, "ह्या कोण?"

"ह्या माझ्या अक्का. टेलिफोनात साहेब हुत्या."

"भाकरी येती का?"

मी एक थापून दाखवली. पारव्वाने ती उचलली, उजेडात धरली. "अक्का, ही भाकरी हाय का बेळगाव जिल्ह्याचा नकाशा?" मला कांदे चिरायला बसवण्यात आलं.

शालन भाकऱ्या करत होती आणि मी बघत होते. पीठ, पाणी, थाप, परात फिरवणं, तवा. एकेका भाकरीची कड सारखी. मधे पारव्वा बोलत होती, मांजर आलं, गॅस संपून सिलिंडर बदलला. शालनचा हात कुठे अडला नाही. तिसाव्या भाकरीला मी विचारलं, "आता मनात काय चाललंय?"

"काय न्हाय. भाकरी."

मी टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली पहिली बारा ट्रंक कॉलच्या बोर्डावर. एका खोलीत वीस जणी एकदम बोलत असायच्या आणि आपल्या कानात तिसऱ्याच गावची माणसं. लक्ष म्हणजे काय ते मला तिथे कळलं. बाकीचे आवाज बंद होत नाहीत. आपण एक लाईन धरून ठेवायची. सुटली की पुन्हा जोडायची, आणि सुटली म्हणून रडत बसायचं नाही, कारण पुढचा कॉल आलेला असतो. शालनचं लक्ष गेलेलं नव्हतंच. ते कात्रीपाशी आलं की घाबरून पळत होतं. चाळीस मिनिटं अंधारात बसवून ते परत येणार नव्हतं.

दुपारी भांडी झाल्यावर मी तिला स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर बसवलं. माझी शिकवणी अशी होती, तुम्हालाही चालेल. भिंतीला पाठ टेकून बसा, मांडी दुखत असेल तर पाय सोडून. डोळे मिटू नका, नुसते खाली करा, हातभर पुढे जमिनीवर. श्वास नेहमीसारखा. श्वास बाहेर गेला की एक, पुढचा गेला की दोन, असं दहापर्यंत. मधेच मन कुठे गेलं तर पुन्हा एकपासून. किती वेळा गेलं ते मोजायचं नाही, स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत. पाच मिनिटं झाली की उठायचं, छान चाललं असलं तरी.

शालन बसली. दोन मिनिटांनी म्हणाली, "न्हाय जमत. सात म्हटलं की बाह्या दिसत्यात."

"पुन्हा एकपासून."

पुन्हा बसली. पुन्हा तेच. सहापर्यंत सुरळीत, सातव्या श्वासाला पैठणीच्या दोन डाव्या बाह्या हजर. चार वेळा झालं. डोळ्यांत पाणी यायला लागलं. मी काहीतरी पुस्तकी सांगणार होते, तेवढ्यात ओसरीवर लसूण सोलत बसलेली पारव्वा म्हणाली, "मग सातपातूर जातीस कशाला? सहावर थांब आन माघारी फिर."

शालनने पदराने डोळे पुसले.

"निधान," ती म्हणाली. कानडीत निधान म्हणजे सावकाश. "सहा श्वासात काय कमी हवा मिळती?"

शालन सहापर्यंत मोजून माघारी फिरली. पुन्हा सहा. पुन्हा सहा. पाच मिनिटं झाली, मी सांगितलं नाही. सात मिनिटांनी तिने मान वर केली आणि म्हणाली, "अक्का, कांदा करपतोय." आत खरंच करपत होता.

रविवारी सकाळी ओट्यावर आम्ही तिघी होतो, नऊपर्यंत सहा जण झालो. इचलकरंजीचे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर गुडघ्यांमुळे हॉलमधून निसटून आले. "आत मला झोप येते. इथे निदान फोडणीचा वास तरी आहे," म्हणाले. शालनने त्यांना सांगितलं, डोळं खाली, पाय लांब, सहापर्यंत. "आन मन पळालं तर पळू द्या. येतंय की, कुठं जातंय." मास्तरांनी वहीत लिहून घेतलं. पंचवीस वर्षं लोकांची मापं घेणारी बाई, कुणाला काय बसेल ते तिला बघूनच कळतं. एका तरुण मुलीला ती म्हणाली, "तू डोळं मीट. तुला उघडं ठेवलं की दहा गोष्टी दिसत्यात." माझ्या शिकवणीत हे नव्हतं. मुलगी शांत बसली.

साडेअकराला निनाद सर स्वतः स्वयंपाकघरात आले. उभ्या उभ्या भाकरी-पिठलं खाल्लं, आणि खाताना पहिल्यांदा त्यांचा खरा, मोठा आवाज ऐकू आला. "काकू, भाकरी अप्रतिम." मग ओट्यावरच्या मंडळींकडे बघून, "हे सहाचं काय आहे?"

शालनने सगळं सांगितलं. साध्या मनाने, बाह्यांसकट. ते लक्ष देऊन ऐकत होते.

दुपारी दोनच्या शेवटच्या बैठकीत त्यांनी सगळ्या हॉलला डोळे खाली करायला आणि श्वास सहापर्यंत मोजायला सांगितलं. "हे एक अतिशय प्राचीन तंत्र आहे," म्हणाले. मास्तर माझ्याकडे बघून खोकले. पारव्वा त्या वेळी आत कढई घासत होती. प्राचीन तंत्राचा आवाज हॉलपर्यंत येत होता.

तीन वाजता प्रमाणपत्रं. लग्नपत्रिकेहून जाड कागद, भिंतीवरच्या कॅलेंडरएवढा आकार, सोनेरी किनार. माझ्यावर 'साधक, उत्कृष्ट'. मी दोन दिवसांत हॉलमध्ये जेमतेम दीड तास होते. शालनच्या प्रमाणपत्रावर 'सेवेकरी'. पैसे दोघींचे सारखे घेतले होते. मी तिथेच बोलणार होते, पण शालनने माझा पदर धरला. "अक्का, चला. वडाप भरली तर पुढली तासानं."

नेसरीत थोडा वेळ असेल तर सात मराठा वीरांचं स्मारक जरूर बघा, संध्याकाळी तिथे गारवा असतो. आम्ही पाच मिनिटं उभ्या राहिलो आणि पळालो. गडहिंग्लज स्टँडसमोर कटवडा खाल्ला. दोन दिवस बिनतिखटाचं खाल्ल्यावर तो रस्सा नाकातोंडातून निघतो. पाण्याची बाटली जवळ ठेवा. मुरगूडला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. दीर दारातच होते. "झालं ध्यान? आता च्या मिळंल?"

सोमवारी सकाळी दीर बाहेर गेल्यावर शालनने सतरंजी अंथरली, त्यावर स्वच्छ चादर, आणि कपाटातून डाळिंबी तुकडा काढला. प्राची दाराच्या चौकटीला टेकून उभी. शालन तुकड्यासमोर बसली, डोळे खाली. मी मनात मोजत होते. सहा, सहा, सहा. मग ती उठली आणि आत गेली. मला वाटलं, संपलं. प्राचीने माझ्याकडे पाहिलं. बुटीकचा नंबर तिच्याकडे होताच.

शालन परत आली ती ते प्रमाणपत्र घेऊन. पालथं घातलं, कोऱ्या बाजूवर खडूने प्राचीची बाही आखली आणि कागद कापला. सोनेरी किनार, निनाद सरांची सही, 'सेवेकरी', सगळं बाहीच्या आकारात.

"लई जाड कागद हाय," ती म्हणाली. "वर्तमानपत्राचा साचा दोन्हीकडनं सारखाच दिसतो, म्हणून मी फसलो. ह्येची छापलेली बाजू वर आली की उजवी. कोरी वर आली की डावी. आता कशी चुकंल?"

आधी अस्तर कापलं. दोन बाह्या जवळ ठेवल्या, तोंडाला तोंड लावून पाहिल्या. मग शालू. छापील बाजू वर. कात्री काठापाशी गेली आणि थांबली.

"अक्का."

"काय?"

"श्वास सोडा. तुमचा अडकल्याला मला ऐकू येतोय."

मी सोडला. कात्री चालली. मग साचा उलटा केला, कोरी बाजू वर, दुसरी बाही. प्राचीने दोन्ही उचलून आपल्या दंडांवर धरल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि तशीच आरशापुढे गेली. शालन कात्री पुसत बसली. बराच वेळ पुसत होती.

मी राजारामपुरीत परत आले त्याला आता महिना झाला. राहिलं काय, ते सांगते. मी रोज सकाळी गॅलरीत खुर्चीवर पाच मिनिटं बसते. खालच्या क्लासच्या मुलांच्या गाड्या, समोरचा दवाखाना, भाजीवाला, सगळं चालू असतं आणि मी सहापर्यंत मोजते. बीपीची गोळी चालूच आहे. ती बंद करा असं तुम्हाला कुणी म्हणालं तर त्याच्याकडे जाऊ नका. राग मात्र गेलेला नाही, आणि तो घालवण्यासाठी मी मोजतही नाही. शालनकडे सध्या लग्नसराईचे अकरा ब्लाऊज आहेत. मास्तरीणबाई परवा स्वतःहून नवीन पैठणी घेऊन आल्या.

नेसरीला जावं का? जा. हवा चांगली आहे, काजूला मोहोर असतो. पहिल्या बैठकीला मात्र स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर बसा.

आता केंद्राच्या व्यवस्थापकांसाठी. फोन करू नये. फोनवर गोड कसं बोलतात ते मला एकतीस वर्षं पगार घेऊन माहीत आहे. लेखी उत्तर हवं आहे, तीन गोष्टींचं. एक, नवशिक्यांसाठी म्हणून पैसे घेतलेल्या बाईला पहिल्या चाळीस मिनिटांत स्वयंपाकघरात का पाठवलं. दोन, सहाचं तंत्र नेसरीच्या स्वयंपाकघरात पारव्वाने सुचवलं आणि शालनने शिकवलं, हे तुमच्या पुढच्या शिबिरात त्या दोघींच्या नावानिशी सांगितलं जाईल का. तीन, शालनच्या नावाचं नवं प्रमाणपत्र, त्यावर 'साधक'. कागद तेवढाच जाड असावा, आकार थोडा मोठा. लग्नात माझाही ब्लाऊज आहे, आणि शालनच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या दंडाला आधीच्या मापाचा कागद पुरत नाही. मंगळवार, ३१ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत.